रेडिओचं नंतर बघू, आधी मेन स्विच बंद करा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ २२ मजली टॉवरमध्ये ११ व्या मजल्यावर तुमचा टू बीएचके आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या लायसन्सची पहिल्या पायरीची, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास होऊन व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाईन (हवेतली तुमची ओळख) नुकतीच हातात पडली आहे. ६०,००० रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे आणि एचएफसाठी, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यांसाठी, कुठला रेडिओ घ्यावा असं विचारताय. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: वडिलांचा एसएसबीवाला (हॅम लोकांचं बोलणं उलगडणारा) शॉर्टवेव्ह रिसीव्हर घरात आहे, पण त्यावर ४० मीटरला, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, नुसती खरखर येते.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. त्या घरात ६०,००० चा रेडिओ आणून ठेवलात तरी तीच खरखर येईल, फक्त जास्त चांगल्या स्पीकरमधून.

मी नेरुळला सिडकोच्या चार मजली इमारतीत राहतो. लायसन्स मिळून २७ वर्षं झाली. ठाणे, ऐरोली, खारघर भागात दहा-पंधरा जणांची स्टेशनं उभी करताना हाताखाली काम केलंय. त्यातल्या निम्म्यांनी तरी आधी रेडिओ आणला, मग अँटेना कुठे बांधायची याचा विचार केला, आणि महिन्याभरात "काका, काहीच ऐकू येत नाही हो" असा फोन आला. त्यामुळे मी उलट्या क्रमाने सांगणार आहे. आधी घरातला गोंगाट, मग गच्ची आणि तार, मग केबल, आणि रेडिओ सगळ्यात शेवटी.

गोंगाटाचा हिशेब एकदा आकड्यांत बघा. रेडिओच्या एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर, एक एस म्हणजे साधारण ६ डीबी (डेसिबल), आणि दर ३ डीबीला पॉवर दुप्पट होते. तुम्हाला रिस्ट्रिक्टेड ग्रेडमध्ये ५० वॅटची मर्यादा आहे. उद्या जनरल ग्रेड करून १०० वॅटवर गेलात तर समोरच्याला तुमचा सिग्नल ३ डीबीने वाढलेला दिसेल, म्हणजे जेमतेम अर्धा एस. याउलट ४० मीटरला तुमच्या घरातला गोंगाट एस-८ वर असेल आणि तो एस-४ वर आणलात, तर २४ डीबी मिळाले. समोरच्या प्रत्येक माणसाने आपली पॉवर २५० पट वाढवल्यासारखं झालं की हे! आणि याला खर्च बहुतेक वेळा शंभर-दोनशे रुपयांचा आणि एका रविवारचा.

शोधायची पद्धत साधी आहे. रिसीव्हर बॅटरीवर चालवा, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा शोधा आणि घरातला मेन स्विच पाडा. पाडायच्या आधी फ्रिज, आजींचं नेब्युलायझर, कुणाची मीटिंग वगैरे विचारून घ्या. एकदा आमच्याकडे न विचारता पाडला होता, तेव्हा मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू होती. त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. मेन पाडल्यावर खरखर धपकन कमी झाली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला आवाज उसळेल त्या खोलीत एकेक प्लग काढत बसायचं.

माझ्या घरात काय सापडलं सांगतो. दर १५-२० किलोहर्ट्झला एक गुरगुरता कॅरिअर (बोलणं नसलेला नुसता सूर) यायचा, जरा इकडेतिकडे सरकणारा. राउटरचा अडॅप्टर बदलला, टीव्ही काढला, संशयाने मिक्सरसुद्धा उचलून बाहेर ठेवला. शेवटी खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि घरभर फिरलो. देवघरापाशी गेल्यावर तो अक्षरशः किंचाळायला लागला. देव्हाऱ्यावरची एलईडीची माळ! तिचा अडॅप्टर उघडून पाहिला, तर गोंगाट गाळायला जी कॉइल आणि कपॅसिटर असायला हवेत, त्यांच्या जागी पीसीबीवर नुसती रिकामी भोकं होती. बनवणाऱ्याने तेवढे दोन-चार रुपये वाचवले होते. त्या माळेच्या जागी आता साधा पिवळा बल्ब आहे, देवांची तक्रार नाही.

मेन पाडूनही खरखर तशीच राहिली, तर गोंगाट बाहेरून येतोय आणि तिथे तुमच्या हातात कमी आहे. टॉवरमध्ये लिफ्टचा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, हा नेहमीचा संशयित. आवाज वीस-तीस सेकंद येतो, थांबतो, परत येतो; लिफ्टच्या डिस्प्लेकडे बघत ऐकलंत की जोडी लगेच जुळते. गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर असेल तर आवाज सकाळी उन्हाबरोबर चढतो आणि सूर्य मावळला की गप्प होतो. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या अख्ख्या सेक्टरला ४० मीटर बंदच असतं म्हणा ना, इतक्या माळा लागतात. त्या दिवसांत मी मोदक खातो आणि पहाटे पाचला बसतो.

बाहेरच्या गोंगाटावर उपाय एकच, अँटेना इमारतीच्या पोटातून बाहेर काढून जमेल तितकी वर न्यायची. त्यासाठी गच्ची लागते, आणि गच्ची म्हटलं की कमिटी आली.

इथे सगळं परिस्थितीवर आहे, मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. पण कमिटीला नेमकी कशाची भीती असते ते अनुभवाने कळलंय. लोकांना वाटतं की रेडिएशनची. असते, पण ती दुसऱ्या नंबरची. पहिली भीती गळतीची. गच्चीच्या कोब्यावर नुकतेच लाखो रुपये खर्च झालेले असतात आणि तुम्ही ड्रिल घेऊन वर जाणार या कल्पनेनेच वरच्या मजल्यावरच्यांची झोप उडते. म्हणून अर्जातलं पहिलंच वाक्य असं लिहा: "गच्चीच्या स्लॅबला किंवा पॅरापेटला एकही भोक पाडले जाणार नाही." त्याखाली लायसन्सची प्रत, तार किती जाड आहे (दीड चौरस मिलिमीटरची, कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक), केबल कुठल्या डक्टमधून येणार, आणि वॉटरप्रूफिंगच्या कामाच्या वेळी सगळं स्वखर्चाने उतरवून देईन असं लेखी. मोबाईल टॉवरशी तुलना होणारच. तेव्हा वाद घालू नका. सेक्रेटरींना घरी चहाला बोलवा, हेडफोन कानाला लावून द्या. ऐरोलीच्या एका मित्राकडे सेक्रेटरी काकांनी कोल्हापूरच्या कुणाशी तरी चाललेल्या गप्पा पाच मिनिटं ऐकल्या आणि परवानगी दुसऱ्या दिवशी आली. एक बघून घ्या, तुमच्या लायसन्सवर पत्ता याच घराचा आहे ना? बरेच जण गावच्या पत्त्यावर काढतात आणि पत्ता बदलून घ्यायचं राहून जातं. नेमका तोच कागद कमिटीपुढे ठेवायचा असतो.

गच्ची मिळाली असं धरून चालतो. पहिली अँटेना ४० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारा, उलट्या व्ही आकारात. त्यासाठी २० लिटरचा रंगाचा रिकामा डबा घ्या, त्यात जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा धरून काँक्रीट ओता. सुकल्यावर त्यात पाच-सहा मीटरचा फायबरचा किंवा जाड बांबूचा खांब उभा राहतो, स्लॅबला धक्का नाही. वाऱ्यासाठी तीन बाजूंना ताण द्या. टाकीचे खांब, जिन्याच्या खोलीचे हूक, असं काहीतरी सापडतंच. आकाशातली वीज उतरवणाऱ्या कंडक्टरच्या पट्टीला मात्र दोरीसुद्धा बांधायची नाही.

तारेची लांबी: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी म्हणजे मीटरमध्ये एकूण लांबी. ७.१ ला २०.१ मीटर येते, म्हणजे एकेक बाजू १० मीटरच्या थोडी वर. घरात वायरिंगला वापरतात ती मल्टिस्ट्रँड वायर चालते. सुरुवातीला प्रत्येक बाजू साडेदहा मीटर ठेवा. टोक कापू नका, मागे दुमडून पिळा घाला. मग नॅनोव्हीएनएने, म्हणजे अँटेना तपासायच्या छोट्या यंत्राने, मोजा. समजा एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, १ सर्वात चांगला) तळ ६.८ मेगाहर्ट्झला दिसतोय, तर साडेदहाला ६.८ ने गुणून ७.१ ने भागा. १०.०६ आलं. दोन्ही बाजू तेवढ्या करा, परत मोजा. दोन-तीन फेऱ्यांत बसतं. ५० वॅटला एसडब्ल्यूआर दोनच्या खाली असला की झालं, १.१ च्या हट्टापायी दुपारभर उन्हात उभं राहू नका. मी राहिलोय.

टोकं डोक्याच्या वर ठेवा, अडीच मीटरपेक्षा खाली नको. डायपोलच्या टोकांना ट्रान्समिट करताना व्होल्टेज सर्वात जास्त असतं आणि गच्चीवर पापड वाळत घालायला येणाऱ्या काकूंना ते माहीत नसतं. चटका बारीकच बसतो, पण तुमची परवानगी जाईल.

मधोमध, जिथे केबल जोडता, तिथे चोक लागतोच. ३१ नंबर मिश्रणाच्या २.४ इंची फेराइट टोरॉइडवर (कड्यावर) आरजी-५८ केबलचे दहा-अकरा फेरे. तो केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वाहणारा करंट अडवतो. नाहीतर तुमची ४० मीटर लांबीची कोॲक्स, म्हणजे हीच केबल, स्वतःच अँटेना बनते आणि डक्टमधल्या २२ मजल्यांच्या वायरिंगचा गोंगाट उचलून रेडिओत आणते. तोच करंट उलट्या दिशेने शेजाऱ्यांच्या बेलमध्ये आणि स्पीकरमध्ये जातो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नाव-नंबर नसलेली फेराइटची कडी स्वस्तात मिळते. ती कुठल्या मिश्रणाची आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं, तेव्हा घेतलीत तर नॅनोव्हीएनएवर तपासूनच लावा. दुसरा असाच चोक घरात, रेडिओच्या मागे.

केबलबद्दल: ७ मेगाहर्ट्झला ४० मीटर आरजी-५८ मध्ये दोन डीबीच्या आसपास जातात, सोसून घेता येतं. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झला आठेक डीबी खाते, म्हणजे ५० वॅटपैकी वर पोचतात आठ. म्हणून व्हीएचएफची (त्या १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची) अँटेना गच्चीवर नेण्याच्या भानगडीत न पडता खिडकीच्या ग्रिलबाहेर लावा. ४९ सेंटीमीटरची एक उभी काडी आणि तिच्या बुडाशी पसरलेले तेवढ्याच लांबीचे चार रेडियल. ११ व्या मजल्यावर एवढं पुरतं. येऊरच्या डोंगराच्या बाजूला सिग्नल दबेल, त्याला इलाज नाही.

आता पाणी. यावर मी दोन पावसाळे वाया घालवलेत, म्हणून जरा थांबतो. एका ऑगस्टमध्ये माझा एसडब्ल्यूआर हळूहळू सुधारत गेला. १.६ चा १.४, मग १.२. मी खूश. पण सकाळच्या ४० मीटरच्या नेटवर (ठरल्या वेळी हवेत जमणाऱ्या गप्पांच्या बैठकीत) पुणे-नाशिकवाले म्हणायला लागले की काका, तुम्ही खोल विहिरीतून बोलताय. पाऊस उघडल्यावर वर जाऊन प्लग उघडला तर आतून चमचाभर पाणी पडलं. चाकूने केबल सोलत गेलो. जाळी पहिल्या फुटात हिरवी, पुढे काळी, आणि चार मीटरपर्यंत तशीच काळी. पाणी केशाकर्षणाने जाळीतून आत आत सरकलं होतं. पॉवर अँटेनापर्यंत न पोचता केबलमध्येच जिरत होती, परत यायला काही उरतच नव्हतं, आणि म्हणून मीटर इतका छान दाखवत होता. तेव्हापासून पावसाळ्यात सुधारणारा एसडब्ल्यूआर दिसला की मी शिडी शोधतो.

वरच्या जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर अशी कौलांसारखी गुंडाळा. त्यावर साधी काळी टेप, कारण रबरी टेपला ऊन सोसत नाही. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, पाणी तिथून ठिबकेल. नटबोल्ट स्टेनलेसचेच. तुमच्याकडे एका बाजूला खाडी आहे, आमच्याकडेही आहे. जीआयचा बोल्ट दुसऱ्या पावसाळ्यात पान्याला दाद देत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी वर्ष-दीड वर्षात उन्हाने भुसभुशीत होते, पॉलिस्टरची घ्या. मी वर्षातून तीनदा वर जातो: मे महिन्यात पावसाआधी, ऑक्टोबरमध्ये पावसानंतर, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी. तिसरी फेरी मांजासाठी. तारेवर दहा-बारा पतंग आणि मांजाचे गुंते असतात, ते कापून काढताना हातमोजे घाला.

आकाशातली वीज आणि अर्थिंग या दोन गोष्टी लोक एकत्र करतात. भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन माणसाला शॉक लागू नये म्हणून असते. ती इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच, बऱ्याच फ्लॅटमध्ये ती नुसती शोभेची निघते. पण ११ व्या मजल्यावरून जमिनीपर्यंत ३५ मीटर जाणारी वायर ७ मेगाहर्ट्झला जमीन म्हणून काम करत नाही, तीही एक अँटेनाच होते. म्हणूनच जमिनीवर अवलंबून नसलेला डायपोल सुचवला. विजांसाठी माझा नियम: वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात केबल रेडिओतून काढून प्लग खिडकीच्या बाहेर ठेवायचा, आणि तोही गडगडाट ऐकू यायच्या आधी, आकाश बघून. ऑक्टोबरच्या संध्याकाळी पूर्वेकडून ढग चढायला लागले की पुढच्या तासाभरात खेळ सुरू होतो. लाइटनिंग अरेस्टर लावा, पण त्याच्या भरवशावर केबल जोडून झोपू नका.

आणि गच्ची नाहीच मिळाली तर? बाल्कनीत मीटरभर व्यासाची मॅग्नेटिक लूप, म्हणजे कड्यासारखी गोल अँटेना. २० ते १० मीटर बँडवर ती चांगली चालते, ४० ला जेमतेम. तिचा मोठा गुण म्हणजे ती फिरवून एका दिशेचा गोंगाट बराचसा मारता येतो. दोष असा की फ्रिक्वेन्सी जरा हलवली की परत ट्यून करायची, आणि तिच्या कपॅसिटरवर ५० वॅटलासुद्धा काही हजार व्होल्ट येतात. बाल्कनीत लहान मूल येत असेल तर लूप नको. अशा घरातून बोलण्यापेक्षा एफटी८, म्हणजे कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायची पद्धत, जास्त पदरात पाडतं. कानाला काहीच ऐकू येत नसताना गोंगाटाच्या वीसेक डीबी खालचा सिग्नलही ते उलगडतं. काही जुने लोक त्याला रेडिओ मानत नाहीत. मीही आधी मानत नव्हतो.

आता तुमच्या ६०,००० कडे येतो. तार, खांब, दोऱ्या, केबल, टोरॉइड, प्लग आणि नॅनोव्हीएनए यांना मी १२-१५ हजार बाजूला काढीन. ८-१० हजार बॅटरीला, लिथियम फेरोफॉस्फेटची १२.८ व्होल्टची. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो जाळीदार डब्याचा स्वस्त पॉवर सप्लाय आणू नका, देवघरातल्या माळेचा तो थोरला भाऊ. बॅटरीवर रेडिओ शांत चालतो आणि लाइट गेली तरी चालतो. चार्जर फक्त रेडिओ बंद असताना लावायचा. उरलेल्या ३५ हजारांत नवा १०० वॅटचा रेडिओ येत नाही. आयकॉमचा आयसी-७३०० सुंदर आहे, त्याच्या धबधब्यासारख्या पडद्यावर गोंगाटाचे चोर डोळ्यांनी दिसतात, पण तो तुमच्या आवाक्याबाहेर. शिएगू जी९० मध्ये २० वॅट आणि आतच ट्यूनर मिळतो, थोडे पैसे साठवून तो नवा घेता येईल. मी मात्र वापरलेला १०० वॅटचा जुना रिग (रेडिओ) शोधीन आणि ५० वर लावून चालवीन. जुने हॅम रिग बदलतात तेव्हा आधी ओळखीतल्या नवख्याला विचारतात. मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटीच्या लोकांशी ओळख वाढवा, विकणाऱ्याच्या घरी जाऊन रेडिओ डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या वस्तूवर) चालवून बघा, आणि त्याचं लायसन्स व रेडिओचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॉग, म्हणजे कधी कुणाशी बोललात त्याची नोंद, पहिल्या दिवसापासून लिहा. नियम म्हणून लिहायचाच आहे, पण त्याचा दुसराही उपयोग होतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकदा तक्रार केली की तुमच्या रेडिओमुळे शनिवारी संध्याकाळी आमचं इंटरनेट गेलं. लॉग दाखवला. त्या शनिवारी मी नाशिकला भाचीच्या साखरपुड्याला होतो. तेव्हापासून ते माझ्याकडे राउटर दुरुस्तीला घेऊन येतात, तो वेगळा ताप.

तर या रविवारी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, ४० मीटरवर देशातले लोक गप्पा मारत असतात तेव्हा, वडिलांचा रिसीव्हर सेलवर लावा. खिडकीतून सात-आठ मीटर वायर बाहेर सोडा, तिचं टोक अँटेनाच्या काडीला चिमट्याने लावा. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हळूहळू फिरवा आणि किती आवाज समजतात ते मोजा. मग मेन पाडून परत मोजा. हे दोन आकडे, आणि गच्चीला कुठल्या बाजूला टाक्या आहेत त्याचा एक फोटो पाठवा. रिगचं मॉडेल त्यानंतर ठरवू.